गारा पाहिल्या, आता बर्फ पाहायचाय

वाचकाचं पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४५. घरी कापूस, तूर आणि संत्र्याची दोनशे झाडं. लेक चंदीगडला नर्स आहे. तिनं फेब्रुवारीत घरच्यांना बोलावलंय. 'सकाळी निघू, बर्फावर जाऊ, स्कीइंग करू, रात्री परत' असा तिचा बेत आहे. ताईंनी बकऱ्या विकून आणि बचत गटाच्या वाट्यातून २८ हजार रुपये स्वतः जमवलेत. यजमान म्हणतात, "बर्फ पाहाले इतक्या दूर जाची काय गरज हाय? गारा का कमी पाह्यल्या?" सासूबाई ६८ वर्षांच्या, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. त्या मात्र हळूच म्हणाल्या, "मले बी ने वं." लेकीचं म्हणणं, गावात वैष्णोदेवीला चाललो असं सांगा, म्हणजे कोणी नाव ठेवणार नाही. ताईंचे प्रश्न असे: हा खर्च म्हणजे चैन आहे का? एका दिवसात हे जमेल का? या वयात स्कीइंग येईल का? आणि गावात काय सांगू?

ताई,

तुमच्या पत्रात हिशेब आहे, घरच्यांची मतं आहेत, चार प्रश्न आहेत. मी मात्र थबकले ते एका वेगळ्याच ओळीवर. २०१४ च्या गारपिटीबद्दल तुम्ही लिहिलंय, "सकाळी बागेत गेली तर झाडाखाली पांढरा सडा पडला होता. जीव जळत होता, तरी मी एक गार उचलून मुठीत धरली. कोनाले सांगितलं नाई." ही ओळ वाचल्यावर मला तुमचे चारही प्रश्न वेगळे दिसायला लागले.

आपल्याकडे आभाळातून बर्फ पडतो तो एकाच रूपात, आणि तो पिकाच्या जिवावर उठलेला असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू, हरभरा, संत्रा सगळंच झोडपलं गेलं. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या कानाला 'बर्फ पडला' हे शब्द गोड लागणं कठीण आहे. यजमानांच्या बोलण्यात तुम्हाला टोमणा वाटला, मला त्यात ती बाग दिसली. गार ढगात वरखाली हेलपाटे खाते, अंगावर थरावर थर चढवून दगडासारखी होते आणि आदळते. डोंगरातला बर्फ तसा नसतो. थंड ढगात वाफेचे सहा कोनांचे बारीक स्फटिक होतात, ते एकमेकांत अडकतात आणि पिंजलेल्या कापसासारखे आवाज न करता खाली उतरतात. हिवाळ्यात हिमाचलात हा बर्फ आणतात ते पश्चिमेकडून येणारे झंझावात. तेच पुष्कळदा इकडे बंगालच्या उपसागरावरून आलेल्या ओलाव्याला भिडले की आपल्या बागांवर गारा पडतात. ज्या वाऱ्यानं तुमची बाग झोडपली त्याचं तिकडचं शांत रूप एकदा पाहावं असं तुम्हाला वाटलं, यात वेडेपणा कुठे आहे?

आता चैनीचं. हो ताई, ही चैन आहे. ती दुसऱ्या कुठल्या नावानं झाकू नका. फक्त ती कोणाच्या पैशातून आहे एवढं पाहा. तुमचे २८ हजार तुमच्या बकऱ्यांचे आणि तुमच्या बचतीचे आहेत. पेरणीचं बियाणं, खत, गटाचा हप्ता याला त्यातला एक रुपयाही लागणार नसेल, तर मला यात अडचण दिसत नाही. लागणार असेल, तर मात्र या वर्षी थांबा आणि पुढच्या फेब्रुवारीत जा, बर्फ कुठे जात नाही. आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगते: या प्रवासासाठी गटाकडून अंतर्गत कर्ज काढू नका, सोनं गहाण ठेवू नका. एरवी वर्षभर तुम्ही ज्या बायांना 'कर्ज कामासाठीच घ्या' म्हणता, त्यांच्यासमोर मग तुम्हाला अवघड होईल.

लेकीनं सुचवलेला वैष्णोदेवीचा उपाय तिनं प्रेमापोटीच सुचवलाय. तिला गाव माहीत आहे. आपल्याकडे बाईनं घराबाहेर पडायचं तर कारण लागतं: शेगाव, माहूर, पंढरपूर, लग्न, मयत, नाहीतर सेवाग्रामचा दवाखाना. 'मी फिरायला चालली' या वाक्याला गावात जागाच नाही. ती जागा नाही म्हणून आपण देवाचं नाव पुढे करतो. पण परत आल्यावरचं चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. तीर्थाहून आलेल्या बाईच्या पाया पडायला शेजारपाजारच्या बाया येतात. म्हाताऱ्या माणसांना वाकता येत नाही, तरी त्या वाकतात. प्रसाद मागतात. त्या वेळी तुम्ही काय देणार आणि तुम्हाला आतून कसं वाटेल? मला वाटतं, तुम्हीही हा प्रश्न स्वतःला विचारलाय, म्हणूनच तो पत्रात आला. वैष्णोदेवीला जायचं असेल तर एकदा मनापासून तिच्याचसाठी जा.

गावात एवढंच सांगा: लेकीकडे चाललो, ती बर्फ दाखवणार आहे. खरं आहे, आणि पुरेसं आहे. नावं ठेवणारे चार दिवस ठेवतील. पण तुमच्या गटातल्या एखाद्या बाईला पहिल्यांदाच कळेल की असंही जाता येतं. तिच्यासाठी तुमचं खरं बोलणं फार मोलाचं आहे.

यजमानांकडे येते. तुम्ही लिहिलंय की त्यांनी लेकीला फोनवर विचारलं, "तिकडं हिंदी चालते का इंग्रजीच बोलतात?" ज्या माणसाला जायचंच नाही तो असं विचारत नाही. तुम्ही धरून चाललात की त्यांचा विरोध पैशाला आहे. मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक, परक्या मुलखात आपण अडाणी ठरू ही धास्ती. दुसरी जास्त खरी: फेब्रुवारीत संत्र्याच्या आंबिया बहराची फूट निघालेली असते, पाण्याच्या पाळ्या चुकवून चालत नाहीत, आणि गारपिटीचे दिवसही तेव्हाच सुरू होतात. २०१४ पाहिलेला माणूस त्या महिन्यात बाग सोडायला घाबरणारच.

त्यांच्याशी वाद घालू नका. तुमच्या पत्रात दिराचा उल्लेख आहे, त्यांना सोबत बसवून दहा दिवसांची कामं वाटून द्या. मोटर कोण चालू करेल, रात्रीच्या लायटीची पाळी आली तर कोण उठेल, बकऱ्यांना चारा कोण टाकेल. सातबारा, विम्याचे कागद आणि बँकेच्या पासबुकाच्या प्रती दिरांकडे देऊन ठेवा, म्हणजे देव न करो, पण नुकसान झालंच तर लगेच कळवता येईल, पंचनाम्याला माणूस हजर असेल. बागेत उभं राहून कोणाला गारा अडवता आलेल्या नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. मागे व्यवस्था लागली की ही गोष्ट त्यांची त्यांना उमगेल.

आणि त्यांना एक आमिष नक्की दाखवा. मनालीच्या वाटेवर कुल्लूच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा आहेत. फेब्रुवारीत झाडं निष्पर्ण असतात, छाटणीचे दिवस असतात. संत्र्याला आपण पाणी तोडून ताण देतो, मग बहर फुटतो. सफरचंदाला तो विसावा थंडी देते. सात अंशांच्या खालची थंडी पुरेसे तास मिळाली नाही, तर त्याचा फुलोरा नीट येत नाही. म्हणून तिथला बागवान बर्फाची वाट पाहतो, तो हळूहळू वितळून मुळाशी ओल धरतो. ज्या गोष्टीला यजमान घाबरतात तिच्यावर दुसरा शेतकरी जगतो, हे त्यांनी एखाद्या बागेत उभं राहून स्वतः विचारावं. हिंदी चालते. शेतकऱ्याशी बोलायला तर अर्धी हिंदीही पुरते.

आता 'एका दिवसात'. इथे मात्र लेकीचा बेत मला पटत नाही.

चंदीगड जवळपास आपल्या नागपूरच्याच उंचीवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर. तिथून शिमला ११५ किलोमीटरच्या आसपास आणि शिमल्याच्या पुढे १५-१६ किलोमीटरवर कुफरी. कुफरी अडीच हजार मीटरच्या वर आहे. म्हणजे सकाळच्या चार-पाच तासांत दोन हजार मीटरहून जास्त चढायचं, वळणावळणाच्या रस्त्यानं, आणि त्याच दिवशी तेवढंच उतरायचं. नकाशावर जमतं. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला असंच नेलं होतं. एका प्रवासी गाडीवाल्यानं 'सुबह जाके शाम को वापस' सांगितलं आणि मी मान डोलावली. सोलनच्या पुढे आईला उलट्या सुरू झाल्या. शिमल्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. बर्फ होता तो घोड्यांच्या पायांनी चिखल झालेला. आई गाडीतून उतरली, दहा मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "चाल, लय झालं." त्या दिवसाचं मला आजही वाईट वाटतं. बर्फ न दिसल्याचं एवढं नाही, आईच्या शरीराला काय झेपेल हे मी तिला विचारलंच नाही, याचं वाटतं.

शिवाय कुफरीला बर्फाचा भरवसा कमी. तसा भरवसा कुठेच पूर्ण नसतो. २०२४ चा जानेवारी हिमाचल-काश्मीरमध्ये जवळजवळ कोरडा गेला, बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ मध्ये गुलमर्गला फेब्रुवारीत ठरलेले खेलो इंडियाचे हिवाळी सामने बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. म्हणून माझं सांगणं असं, की बर्फासाठी एक दिवस ठेवा आणि त्याच्या मागे एक मोकळा दिवस राखून ठेवा. पहिल्या दिवशी आभाळानं साथ दिली नाही तर दुसरा हाताशी असतो.

मी तुमच्या जागी असते तर सोलांगला गेले असते. मनालीहून १३-१४ किलोमीटर, उंची अडीच हजार मीटरच्या जवळपास, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बर्फ असण्याची शक्यता बरी. तूर निघालेली असते, कापसाची मोठी वेचणी उरकलेली असते, हरभरा कापायला अवकाश असतो, त्यामुळे तुमच्या शेतालाही तेच दिवस सोयीचे. सोलांगचा उतार मोठ्या मैदानासारखा आहे. ज्यांना काही करायचं नाही त्यांनाही रस्त्यापासून फार न चालता खुर्ची टाकून बसता येतं. सासूबाईंसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

दिवस असे मोजा. शुक्रवारी नागपूरहून रेल्वे, शनिवारी दिल्लीमार्गे चंदीगड, रविवारी लेकीकडे पूर्ण विश्रांती. सोमवारी चंदीगडच्या सेक्टर ४३ च्या बसस्टँडवरून दिवसाच्या बसनं मनाली, साधारण ३०० किलोमीटर. रात्रीच्या बसनं एक मुक्काम वाचतो, पण रात्रभर गुडघे मुडपून बसलेलं माणूस सकाळी बर्फात काय उभं राहणार? शिवाय बियासचा काठ आणि त्या सफरचंदाच्या बागा अंधारात निघून जातील. मनाली दोन हजार मीटरवर आहे. तिथे एक रात्र झोपलं की शरीर उंचीला थोडं सरावतं. मंगळवारी बर्फ. बुधवार राखीव. गुरुवारी परत चंदीगड, शुक्रवारी आराम, शनिवारी निघून रविवारी नागपूर. म्हणजे बर्फाच्या एका दिवसासाठी घर दहा दिवस सुटतं. लेकीला हे सांगा. तिनं सुट्टी एक दिवसाची नाही तर चार दिवसांची मागावी, आणि आत्ताच. शनिवार-रविवार मी मुद्दाम टाळलेत, त्या दोन दिवशी सोलांगच्या रस्त्यावर गाडीतच दुपार होते. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं, सासूबाईंसाठी खालचा बर्थ त्याच दिवशी मागा.

मंगळवारी सकाळी आठच्या आत हॉटेल सोडा. ताजा बर्फ पडलेला असेल तर मनालीच्या पुढे नेहरू कुंडाजवळ साध्या गाड्या बऱ्याचदा थांबवतात आणि चारही चाकं ओढणाऱ्या गाड्याच पुढे सोडतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याला विचारूनच गाडी ठरवा. आदल्या रात्री हवामान खात्याचा अंदाज पाहा. मोठ्या हिमवृष्टीचा इशारा असेल तर जाऊ नका, बुधवार आहेच. फेब्रुवारीत रोहतांग खिंड बर्फानं बंद असते, कोणी 'रोहतांग दाखवतो' म्हणाला तर त्याच्या गाडीत बसू नका. अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला नेतो म्हणणारेही भेटतील. ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेला तो ९.०२ किलोमीटरचा बोगदा बघण्यासारखा आहेच, पण तो तीन हजार मीटरच्या वर आहे. तुम्हाला बर्फ मुठीत धरायचाय, ठिकाणं मोजायची नाहीत. सकाळी सोलांग, दुपारी ऊन उतरायच्या आत परत. एवढाच दिवस ठेवा.

स्कीइंग येईल का? एका दिवसात कोणालाच येत नाही. नीट शिकायचं तर मनालीत अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे, तिथे हिवाळ्यात दोन आठवड्यांचे वर्ग असतात. सोलांगजवळच्या बुरुआ गावची आँचल ठाकूर अशाच उतारांवर वाढली आणि २०१८ मध्ये तुर्कस्तानात तिनं स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळवलं. तुमच्या लेकीला आवड लागली तर तिनं पुढच्या वर्षी तो वर्ग करावा.

पण अर्धा-पाऊण तास अनुभव घ्यायला तुम्हाला ४५ व्या वर्षी काही हरकत नाही, गुडघा धड असेल तर. वाकून कापूस वेचणाऱ्या बाईच्या कंबरेत आणि पायात ताकद असते, तिची काळजी मला नाही. गुडघा बाजूला मुरगळण्याची आहे. बूट जड असतात, घोट्याला घट्ट आवळतात, त्यामुळे पाय अडकला तर पीळ थेट गुडघ्यावर येतो. म्हणून आधी सपाटीवर फक्त चाला. मग शिकवणाऱ्याला सांगा, थांबायला आधी शिकव. पायातल्या दोन्ही पट्ट्यांची, म्हणजे स्कीची, पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, कवेलूच्या छपरासारखा आकार करायचा. त्यानं वेग मोडतो. पडणार असं वाटलं तर कुशीवर पडा, हात मागे टेकू नका, मनगट जातं. आणि उतारावर तुम्हाला कोणी 'थोडा और ऊपर' नेऊ लागला तर नाही म्हणा. तासाचे पैसे, त्यात शिकवणारा धरलाय की नाही, हेल्मेट आहे का, हे पट्ट्या पायात घालण्याआधी ठरवून घ्या. नंतर भाव करायला तुम्ही अडकलेल्या असता. नकोच वाटलं तर करू नका. लेक घसरतेय आणि तुम्ही बघताय, यातही तुमचा दिवस पुरा होतो.

कपड्यांचं नीट ऐका, कारण इथे आपली सवय आपल्याला दगा देते. आयुष्यभर आपण कापूस पिकवला, कापूस नेसलो. उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण सुती कापड ओलं झालं की पाणी धरून बसतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. बर्फात सुती मोजे आणि सुती बंडी नको. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकर, सगळ्यांत वर पाणी न शिरणारा कोट. थर्मल आणि लोकरीचे दोन-दोन जोड मोजे यवतमाळ किंवा नागपूरहून घेऊन जा. कोट आणि गमबूट सोलांगच्या वाटेवरच्या दुकानांत भाड्यानं मिळतात, ते विकत घेऊ नका, आपल्याकडे पुन्हा लागणार नाहीत. साडी नेसायचीच असेल तर आत लोकरीची लेगिंग घाला आणि साडी घोट्याच्या वर खोचा, काठ ओले झाले की दिवसभर पाय गारठतात. खरं तर त्या दिवशी सलवार घालावी असं मला वाटतं. फोटो गावात दिसतील ही भीती असेल, तर गुडघ्याखालपर्यंतच्या कोटात सलवार दिसतही नाही.

गॉगल घ्याच. ताज्या बर्फावरून उन्हातल्या अतिनील किरणांपैकी सुमारे ८० टक्के उलटून येतात, संध्याकाळी डोळे चुरचुरून पाणी गळतं. आणि पाणी प्या. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायचं कुठे. मला हे माहीत आहे, मीही वर्षानुवर्षं तेच केलंय. पण थंडीत तहान लागत नाही आणि उंचीवर पाणी कमी पडलं तरी डोकं धरतं. हॉटेल सोडताना जाऊन या, सोलांगला पोचल्या पोचल्या शौचालय कुठे आहे ते विचारून ठेवा. शिदोरीत तिळाचे लाडू ठेवा, संक्रांतीचे उरलेले असतीलच.

एक गोष्ट विदर्भातल्या प्रत्येक वाचकासाठी. आपल्याकडे अनेक कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हा आजार असलेल्या माणसाला थंडी आणि विरळ हवा दोन्ही बाधतात, दुखण्याचा मोठा झटका येऊ शकतो. नुसता वाहक असलेल्यालाही फार उंचीवर प्लीहेचा त्रास झाल्याची उदाहरणं वैद्यकात आहेत. घरात कोणाला असेल, किंवा तपासणीच झाली नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या आणि डॉक्टरांना ठिकाणाची उंची सांगून विचारा. लेक नर्स आहे, तिला हे एका वाक्यात कळेल. सासूबाईंचं बीपीही निघण्याआधी आठवडाभर मोजा, गोळ्या सामानाच्या पिशवीत नाही तर कमरेच्या बटव्यात.

हे वाचून जे गुलमर्गला जायचं ठरवतील त्यांच्यासाठी दोन शब्द. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे जाते, आणि श्रीनगरहून गुलमर्ग ५० किलोमीटरच्या आसपास. तिथल्या गोंडोलाची, म्हणजे तारेवरच्या पाळण्याची, तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात. तिचा दुसरा टप्पा जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत चढतो, म्हाताऱ्या माणसांनी पहिल्या टप्प्यावर थांबलेलं बरं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड हवं. उत्तराखंडातल्या औलीला जाणाऱ्यांनी जोशीमठहून वर नेणाऱ्या रोपवेची चौकशी करूनच निघावं. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली, तेव्हापासून तो बंद ठेवलेला आहे.

शेवटी सासूबाई. त्यांना न्यावं की नाही, हेही ठरवायचंय. त्यांना नेमकं काय पाहायचंय हे तुम्ही त्यांना विचारलंय का? पत्रात ते कुठे नाही. कदाचित त्यांना नातीचं घर पाहायचं असेल आणि बर्फाशी काही घेणंदेणं नसेल. मग त्या चंदीगडला थांबतील, तुम्ही तिघं वर जाऊन याल, फक्त त्यांच्या सोबतीला कोणीतरी हवं, लेकीची एखादी मैत्रीण चालेल. पण बर्फच पाहायचा असेल, डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तर त्यांना न्या. ६८ व्या वर्षी हळूच मागितलेली गोष्ट आहे. आज संध्याकाळी चुलीपाशी बसाल तेव्हा विचारा. आणि त्या येणार असतील तर गमबूट घेताना त्यांच्या पायाच्या मापापेक्षा एक माप मोठा मागा. दोन जोड मोजे आणि बोटातली जोडवी मिळून नेहमीच्या मापाचा बूट पाय आवळतो. थंडीत आवळलेली बोटं आधी बधिर होतात, आणि जोडवी काढा म्हटलं तर त्या काढणार नाहीत.